चार बोटं उंबरठा

बाबा, मागच्या आठवड्यात तुमचा उंबरठा फोडला. आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला, नव्या वॉर्डाच्या टोकाला अपंगांसाठीचं संडास आहे ना, त्याच्या दारातला. मिस्त्री म्हणाला होता अर्ध्या तासाचं काम आहे. पावणेदोन तास लागले. छन्नी दोनदा बोथट झाली, तेव्हा घाम पुसत त्यानं विचारलं, "म्याडम, हा कोनं भरला व्हता जी? सिमेंट लय खाऊ घातलं यानं." मी घड्याळ पाहिल्यासारखं केलं. काय सांगणार होते? की ज्यानं भरला तो माणूस सात दिवस दोन्ही वेळ स्वतः बादलीनं त्यावर पाणी मारायला येत होता, रविवारीसुद्धा, आणि आई घरी ओरडत होती की सरकारी कामाला एवढं कोण मरतं.

हे वाचलं असतं तर तुम्ही पहिल्यांदा भाषेलाच हसला असता. "पोट्टी पुस्तकातलं बोलून राह्यली," म्हणाला असता. काय करू, ऑफिसात इतकी वर्षं टिपणं लिहून लिहून हाताला हीच भाषा लागली आहे. जिभेला अजून आपलीच आहे, काळजी करू नका. कोणी खोटं माप सांगितलं की ती आपोआप बाहेर येते आणि ठेकेदार गप्प होतात.

तुमचा चार बोटांचा नियम पंचक्रोशीला माहीत होता. न्हाणी असो की संडास, दारात चार बोटं उंबरठा. करंगळीपासून तर्जनीपर्यंत चार बोटं आडवी लावायची आणि त्यावर एक टाइल. काम झालं की घरमालकाला बोलवायचं, आत भरली बादली उपडी करायची आणि स्वतः बाहेर उकिडवं बसून फरशीवरून तळहात फिरवायचा. कोरडा तळहात वर करून दाखवताना तुमचा चेहरा काय व्हायचा बाबा! मूल गावच्या राइस मिलवाल्याच्या घरी तर तुम्ही त्याच्या म्हाताऱ्या आईलाही हात लावून पाहायला लावलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्या हाताखाली विटा वाहायला यायची, त्या दिवशी मीही तिथंच होते. म्हातारी म्हणाली, "कोरडं हाये बापा." तुम्ही मला डोळा मारला.

या नियमाचं मूळ तुम्ही एकदाच सांगितलंत. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, मी दहावीत होते, आणि कशावरून कोण जाणे विषय निघाला. लग्नाआधी तुम्ही भद्रावतीला कामाला होता. तिथं एका घरी संडास बांधलं आणि पहिल्याच दिवशी पाणी दाराखालून निघून स्वयंपाकघरापर्यंत गेलं. घरच्या बाईनं तुम्हाला बोलावून घेतलं आणि फडकं पायापाशी फेकलं. "तुमच्या लोकांना चालत असेल, आमच्याकडं नाही चालत," म्हणाली. आईचा हात थांबला. तिनं विचारलं, "मंग?" तुम्ही म्हणालात, "मंग काय. पुसलो. सगळं पुसलो. अन् घरी येऊन चार बोटं ठरवलो." मग पाण्याचा तांब्या उचलून बाहेर गेलात हात धुवायला, जेवण अर्धं ठेवून. त्या दिवसापासून तो उंबरठा मला नुसता उंबरठा वाटला नाही. तुमच्या कामातून घाण बाहेर आली असं पुन्हा कोणी म्हणू नये, एवढंच तुम्हाला हवं होतं. एवढंसं हवं असतं माणसाला.

इंजिनीअरिंगचा डिप्लोमा पास झाले तेव्हा तुम्ही मला पाच मीटरची स्टीलची टेप आणून दिलीत. साडी नाही, घड्याळ नाही, टेप. आई म्हणाली, "पोरीले कोनी टेप देते काय?" तुम्ही म्हणालात, "ते आता मापानं जगनार हाये." ती टेप अजून माझ्या पर्समध्ये असते. पिवळा रंग उडाला, पहिले दोन आकडे पुसले, पण ओढली की सरळ येते.

मग सरकारी बांधकाम खात्यात लागले, माझी बदली आपल्याच तालुक्यात झाली, आणि दवाखान्याच्या नव्या वॉर्डाचं काम माझ्याकडं आलं, आणि ठेकेदारानं संडासांच्या कामाला लावलं कोणाला, तर तुम्हाला. मी जेवताना म्हटलं, मी साहेबांना सांगून हे काम दुसऱ्याला द्यायला लावते. तुम्ही ऐकायला तयार नाही. "मी काय चोरी करून राह्यलो काय व? तू तुझं काम कर, मी माझं करतो. फक्त साइटवर बाबा म्हणजो नको. लोक म्हनतीन, बापाचं काम पोरगी पास करून राह्यली." दुसऱ्या दिवसापासून मी मिस्त्री म्हणायला लागले आणि तुम्ही म्याडम. आणि काय म्हणायचा! विटा-रेती वाहणाऱ्या चार रेजा बायांच्या समोर मुद्दाम मोठ्यानं, "म्याडम, इकडं पाहा. म्याडम, पानी घेता काय." मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं, आणि तुम्हाला गुदगुल्या.

नकाशात ते टोकाचं संडास वेगळं होतं. चाकाची खुर्ची आत जावी म्हणून दार रुंद, भिंतीला धरायला दांडी, कमोड, आणि दारात फरशी सपाट. सपाट म्हणजे सपाट, शून्य. मी तुम्हाला नकाशा दाखवला होता, तुम्ही मानही हलवली होती. मग मला दहा दिवस गडचिरोलीकडं पुलाच्या कामावर पाठवलं. परत आले त्या सकाळी मोजमाप होतं. ठेकेदाराचा सुपरवायझर होता, रेजा होत्या, आणि तुम्ही धुतलेला शर्ट घालून आला होता. कामाच्या जागी धुतलेला शर्ट! दारापाशी पोचले आणि पाहिलं, टाइल कशी चकचकीत, कडा कशी गोल घासलेली, आणि उंबरठा. सवयीनं हात गेला असेल तुमचा. मी काही बोलायच्या आत तुम्ही बादली उपडी केलीत, बाहेर येऊन उकिडवे बसलात, तळहात फिरवलात आणि वर केलात. "पाहा म्याडम. एक थेंब नाई बाहेर." रेजा हसल्या, एकीनं टाळीही वाजवली.

मी वाकले, टेप काढली आणि उंबरठ्याला लावली. मग उभी राहिले. तोंडाशी शब्द आले होते, "मिस्त्री, हे फोडावं लागेल." एवढंच म्हणायचं होतं. दुसरा कोणी मिस्त्री असता तर मी म्हटलंही असतं, वर चार शब्द ऐकवले असते. पण तुमचा तळहात अजून वर होता, आणि मला भद्रावतीचं ते फडकं दिसत होतं. आता माझ्या तोंडून, भर लोकांत, तुमच्या कामाला नाव ठेवायचं? मी टेप पर्समध्ये टाकली. म्हटलं, "चांगलं झालं, मिस्त्री." आणि वहीत लिहिलं, काम नकाशाप्रमाणे. मनाची समजूत काढली की चार बोटांनी कोणाचं काय अडतंय.

कोणाचं काय अडतं ते दोन पावसाळ्यांनी कळलं. तुमची उजवी बाजू गेली. चंद्रपूरला आठ दिवस ठेवलं आणि मग रोजचा व्यायाम घरापासून जवळ व्हावा म्हणून आपल्याच दवाखान्यात, त्याच वॉर्डात आणलं. पहिल्या सकाळी आई तुम्हाला चाकाच्या खुर्चीवर बसवून टोकाच्या संडासाकडं घेऊन निघाली. मी मागे औषधांची पिशवी घेऊन. दारावर खुर्चीचं निळं चित्र, आत दांडी, कमोड, सगळं काही. आणि खुर्चीची पुढची चाकं टक्कन उंबरठ्याला लागून थांबली. आईनं जोर लावला. खुर्ची हलली नाही, तुम्हीच पुढं कलंडलात. वॉर्डबॉय, तिथं सगळे त्याला मामा म्हणत, धावत आला. आपल्याला ओळखत नव्हता तो, सहजच बोलला, "बाई, तिथून खुर्ची जात नाई. दाराले लिवलं अपंगाचं, पन हरेकाले उचलूनच न्या लागते. मागं एका बुढीचं कंबरडं मोडलं व्हतं, तिले चादरीत धरून नेलो चौघं जन. कोनं बांधला व्हता का मालूम, देवच जाने."

तुम्ही खाली पाहत होता. डावा हात खुर्चीवरून खाली सोडलात आणि बोटं उंबरठ्याला आडवी लावलीत. चार. मग मामाला विचारलंत, जीभ जड झाली होती तरी प्रत्येक शब्द कळला मला, "किती जनाले उचललं असन तुमी?" मामा म्हणाला, "आता त्याची कोन गिनती ठेवते, बाबाजी."

त्या दिवसापासून तुम्ही पाणी पिणं सोडलंत. आम्हाला कळलंच नाही आधी. आई तांब्या भरून ठेवायची, तो रिकामा व्हायचा. लघवीला आग होते म्हणून डॉक्टर ओरडले, पाणी वाढवा म्हणाले, आईनं शपथ घेऊन सांगितलं की पितात, तांब्या रिकामा होतो, मी डोळ्यानं पाहते. मग एक दिवस ती धुतलेलं लुगडं वाळत घालायला वॉर्डाच्या मागे गेली आणि तुमच्या खिडकीखालची माती ओलीचिंब. भर उन्हात. आत आली ती तांबडी होऊन. "काऊन वो, खिडकीले पानी पाजून राह्यले काय? मराचं हाये काय तुमाले?" तुम्ही म्हणालात, "प्यालो तर जा लागते. गेलो तर उचला लागते. चार जन उचलतेत अन् मी खाली पाहतो तं मलेच माझं काम दिसते." आई खाटेच्या कडेला बसली आणि पदर तोंडात घालून रडली. मी नर्सबाईंच्या टेबलाशी जाऊन उगाच कागद चाळत उभी राहिले. राग आला होता मला, आणि तो कोणावर काढायचा ते पक्कं माहीत होतं, म्हणून जास्तच आला होता.

दुपारी तुम्ही मला जवळ बोलावलंत. विचारलंत, "माप घेतलं तवा तुले दिसलं नाई काय व?"

मी म्हटलं, "नाही बाबा. घाईत होते. लक्षच गेलं नाही."

 मग तुमचा चेहरा सैल झाला, अगदी बरं वाटल्यासारखा. शेजारच्या खाटेवर सिंदेवाहीकडचे एक भाऊ होते, पाय प्लास्टरमध्ये, त्यांच्याकडं मान वळवलीत आणि सांगितलंत, "हे माही पोरगी हाये. इंजिनीअर हाये. हा वॉर्ड हिच्याच हाताखाली झाला. तिले दिसलं असतं ना भाऊ, तं तिनं बापाचंई काम फोडलं असतं. सोडली नसती ते." त्या इमारतीत तुम्ही मला पोरगी म्हणालात ती पहिली वेळ. आणि नेमकी तेव्हाच.

मग जणू डोक्यावरचं ओझं उतरलं. संध्याकाळपर्यंत तुम्ही डाव्या हातानं चादरीवर रेघा ओढत बसलात. मला म्हणालात, लिहून घे. माझ्याकडं तुमच्या रक्ताच्या रिपोर्टाचा कागद होता, त्याच्या पाठीवर लिहिलं. उंबरठा नको. दारापासून आतल्या बाजूला ढाळ द्यायचा, पाणी आतल्या कोपऱ्यातल्या पाणी जायच्या भोकाकडं जाईल असा. दाराच्या रेषेत अरुंद नाली, तिच्यावर बारीक जाळी, चाक अडकणार नाही अशी. दार बाहेर उघडायचं. "पानी येडं नसते. उतार दिला का आपल्या वाटेनं जाते. मी तीस वरस त्याले अडवत बसलो." आणि शेवटी, "मी घरी जाच्या पयले फोडून टाक. हातोडा माह्या पिशवीत हाये." मी म्हटलं, बाबा, सरकारी इमारत आहे, असं मनानं नाही फोडता येत, मंजुरी लागते. तुम्ही हसलात. "घालाले मंजुरी लागली नाई, काहाडाले लागते." वीस दिवस तुम्ही तिथं होता. रोज उचलून नेलं. रोज खाली पाहिलंत. मग घरी आलात, आणि थंडी संपता संपता गेलात, आपल्या खाटेवर, झोपेत. लोक म्हणाले चांगलं मरण आलं. मीही मान हलवली.

त्यानंतर मला दवाखान्यात गेलं की पहिल्यांदा संडास पाहायची सवय लागली. चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांत फिरते, बाबा, आणि डोकं फिरतं. बाहेर खुर्चीसाठी उतरण कशी छान, दोन्ही बाजूंनी चकचकीत दांड्या, साहेबांच्या फोटोसाठी. आत गेलं की संडासाला दोन पायऱ्या. कुठं दांडी इतकी उंच की बसलेल्या माणसाला टॉवेल वाळत घालायलाच उपयोगी. कुठं कुलूप, आत झाडू आणि मोडक्या खाटा. गडचिरोलीकडच्या एका दवाखान्यात एक माणूस भेटला, दोन्ही पायांनी अधू, हातात चपला घालून फरशीवरून सरकत येत होता. ओल्या संडासातून बाहेर आला होता, चपला टपटप गळत होत्या. मी विचारलं, दादा, रोज असंच? तो म्हणाला, "गावी जंगल हाये म्याडम, तिथी अडचन नाई. अडचन इथीच हाये." बरं व्हायला येतो माणूस, आणि पहिल्या तासात त्याची लाजच काढून घेतात. हे कोणी मुद्दाम करत नाही, हेच तर. कोणीतरी पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरठा घालतो, आणि कोणीतरी पाहून न पाहिल्यासारखं करतं.

तुमचा तो रिपोर्टामागचा कागद मी दर अंदाजपत्रकाला लावते. म्हणजे, नीट काढून. मोठ्या साहेबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, चांगली कल्पना आहे, कुठं शिकलात? मी म्हटलं, असंच सर, साइटवर. बाकी सगळीकडं झालं, आपल्याच दवाखान्याची मंजुरी अडून राहिली ती आत्ता आली. मागच्या आठवड्यात मिस्त्रीला फोडायला सांगितलं तर तो हातोडा खाली ठेवून उभा. माझ्याच वयाचा आहे, चांगला कारागीर. म्हणाला, "म्याडम, उंबरठा काहाडला तं पानी बाहेर येईन. मंग लोक मले बोलतीन." मला एकदम तुमचाच आवाज आल्यासारखं झालं. मी त्याच्याजवळ बसले आणि तुम्ही मला समजावलं तसंच समजावलं, जमिनीवर बोटानं रेघा ओढून. पाणी येडं नसते म्हटलं. तो हसला, आणि मग पावणेदोन तास फोडत राहिला.

आज ढाळ वाळला, जाळी बसली. आईला घेऊन गेले होते. तुमच्यामागं तिचे गुडघे पार गेले, चाळीस वर्षं धानाच्या रोवणीला वाकली त्याचं फळ. वॉकरवर चालते, आणि तोंड अजून आहे तसंच आहे. मी बादली उपडी केली, बाहेर बसून तळहात फिरवला. कोरडा. मिस्त्रीनं स्वतःही फिरवून पाहिला आणि म्हणाला, "हे कोनं शिकवलं जी तुमाले?" या वेळी मी सांगितलं. म्हटलं, माझ्या बाबांनी. मिस्त्री होते. तू फोडलास तो उंबरठाही त्यांचाच. तो कानाला हात लावायला लागला बिचारा.

तेवढ्यात आई वॉकर ढकलत सरळ आत गेली. कुठं अडली नाही. दार ओढून घेतलं आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. बाबा, त्या वॉर्डात त्या दाराला आतून कडी लागलेली मी पहिल्यांदा ऐकली. उचलून नेणारी माणसं सोबत असली की कडी कोण लावणार? आतून आईचा आवाज आला, "सांग तुह्या बाबाले. एकटीच आली म्हना."

म्हणून लिहायला बसले. हे कुठं टाकायचं नाही, तुमच्या त्या रिपोर्टाच्या कागदासोबत ठेवून देणार आहे. आईचा निरोप दिला. पण माझं राहिलंच आहे, आणि ते ऑफिसच्या भाषेत निघत नाही.

मले दिसलं व्हतं बाबा. तुमी देल्ल्या टेपनंच मोजलं व्हतं मी. पुरे चार बोटं.